अडुसष्टपासून पुढे

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या आमच्या मराठी वाचनालयाच्या दाराशी एक काळा फळा होता. त्यावर दर शनिवारी बाबाराव पांढरीपांडे खडूने एक प्रश्न लिहीत. खाली जुनी टपालपेटी ठेवलेली असे. लोकांनी आठवडाभर त्यात उत्तरांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, पुढच्या शनिवारी बाबारावांनी त्यातलं पटेल ते उत्तर फळ्यावर लिहायचं आणि मग प्रश्न पुसायचा. असं एकोणीस वर्षं चाललं.

प्रश्न असे असत. सापशिडीत अठ्ठ्याण्णवच्या घरात बसलेला साप, कोणी खेळत नसेल त्या दिवशी काय खातो? कॅरममध्ये राणी आहे, तर राजा कशाने गेला, आणि ती लाल का नेसते? पानिपतची लढाई झाली त्या दुपारी जबलपुरात लोकांनी काय जेवण केलं? राणी दुर्गावतीच्या हत्तीला लढाईचं कारण कोणी समजावून सांगितलं होतं का? मदनमहालच्या टेकडीवर एका दगडावर दुसरा दगड टेकला न टेकलासा उभा आहे. भूकंपातही तो पडला नाही. मग लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात, ते कोणाच्या भरवशावर?

हे सगळं ते हसू न येता लिहीत आणि हसू न येता वाचून दाखवीत. नवीन माणूस हसला, तर त्याच्याकडे ते अशा नजरेने बघत की त्याला आपण कुणाच्या तेराव्याला हसलो असं वाटे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं मालाची तपासणी केली होती. नळी मापात बसली तर पास, अडली तर नापास. कागदावर पास होऊन आलेला माल त्यांनी स्वतः मापात घालून बघितल्याशिवाय कधी पुढे जाऊ दिला नाही, असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगतात. कौतुकाने सांगत नाहीत.

फळ्याचे दोन नियम होते आणि दोन्ही त्यांनीच घातलेले. पहिला, विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर तो प्रश्न धरायचा नाही. त्याला परीक्षा म्हणतात, आणि परीक्षेसाठी शाळा आहेत. दुसरा, उत्तर लिहिल्याशिवाय प्रश्न पुसायचा नाही.

या दुसऱ्या नियमामुळे फळ्याचा डावा कोपरा एकोणीस वर्षं अडलेला होता. तिथे चौकट आखून बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘लपाछपीत एका मुलाने सदुसष्टपर्यंत मोजलं आणि तो घरी गेला. टाकीमागे लपलेली मुलगी जिंकली की हरली?’

खडू फिका पडला की बाबाराव अक्षरं गिरवत. चिठ्ठ्या भरपूर आल्या. ‘जिंकली’, ‘हरली’, ‘मुलाला छड्या माराव्यात’. एका चिठ्ठीवर फक्त ‘थंडी वाजत असेल’ एवढंच लिहिलेलं होतं. ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. बाकी सगळ्या नापास.

गेल्या श्रावणात वाचनालयाला कुणीतरी पांढरा, चकचकीत, पेनाने लिहायचा बोर्ड देणगी दिला. अध्यक्ष बापूसाहेब रेल्वेतून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले. त्यांनी काळा फळा काढायचा ठराव मांडला.

“बाबाराव, तो कोपरा पुसून टाका बरं आता,” बापूसाहेब म्हणाले.

“उत्तर आलं नाही.”

“अहो, एकोणीस वर्षांत नाही आलं. येणार आहे का आता?”

“मुलगी अजून तिथे आहे, बापूसाहेब. तिला तिथे ठेवून फळा काढणं मला जमत नाही.”

‘आहे’ म्हणाले ते. ‘होती’ नाही. इतिवृत्तात मी ‘विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला’ असं लिहिलं, कारण यापेक्षा खरं काही मला लिहिता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी विभावरीबाईंनी मला थांबवलं. “कोपऱ्याचं उत्तर लवकर काढा काही करून. डॉक्टरकडे नेलं होतं मी यांना. विसरून राहिले सगळं.”

डॉक्टरकडे दुसऱ्या खेपेला मीही गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती, अगदी गोड.

“दादाजी, आज कौन सा दिन है?”

“आपको नहीं मालूम?”

“मुझे मालूम है।”

“तो फिर क्यों पूछ रही हो, बेटी?”

तिने हसून कागद पुढे केला. “अच्छा, इस पर एक घड़ी बना दीजिए।” बाबारावांनी सुरेख वर्तुळ काढलं. हात तपासनिसाचाच होता. बारा आकडे नीट मांडले. मग पेन्सिल कागदावर धरून ते बसून राहिले. खूप वेळ. पेन्सिलीचं टोक कागदाला टेकत नव्हतं आणि दूरही जात नव्हतं, मदनमहालच्या त्या दगडासारखं.

“दादाजी, काँटे?”

“आपने घड़ी कहा था,” ते शेवटी म्हणाले. “टाइम नहीं पूछा था।”

डॉक्टरणीला ते उत्तर आवडलं. आम्हाला दोघांना नाही आवडलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं तेव्हा ते त्र्याण्णववर गेले आणि तिथेच राहिले. बाहेर आल्यावर विभावरीबाईंनी सांगितलं की वर्ष-दीड वर्षात बरंच काही जाईल, कदाचित माणसंही, असं डॉक्टर म्हणाली आहे. रिक्षात बसल्यावर बाबाराव माझ्याकडे वळले.

“सेक्रेटरी, मी विसरलो तर तिला कोण शोधेल?”

मग त्यांनी ती हकीकत सांगितली. मला वाटतं, पहिल्यांदाच कोणाला तरी.

ते नऊ वर्षांचे असताना कारखान्याच्या जुन्या वसाहतीत राहत. गल्लीत दोनच मराठी घरं, पांढरीपांड्यांचं आणि शकुचं. बाकी दुबे, यादव, तिवारी. त्यांची मुलं अंधारात दिसेनासं होईपर्यंत खेळत. मराठी घरांत मात्र दिवेलागणीला हाक यायची. हातपाय धुऊन देवासमोर बसायचं, परवचा म्हणायची, पाढे म्हणायचे. त्यातून सुटका नव्हती. आणि खेळ अर्धा टाकून जाणं म्हणजे गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. दुबे-यादवांना परवचा काय ते समजावून सांगण्याची सोय नव्हती. म्हणून ही दोन मुलं हाक आली की मुकाट्याने, कोणाला न कळवता सटकत, आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी थाप मारत. दोघंही आपलं हे गुपित एकमेकांपासूनही लपवून होती, हे मला पुढे कळलं.

त्या दिवशी राज्य बाबारावांवर होतं. भिंतीला डोकं टेकून ते शंभरापर्यंत मोजत होते. सदुसष्टला आईची हाक आली. ते डोळे न उघडताच वळले आणि घरी गेले. बाकीची मुलं अर्ध्या तासाने कंटाळून बाहेर आली, त्यांच्या नावाने ओरडली आणि पांगली. शकु निघालेली कोणी पाहिली नाही. ती नेहमी पाण्याच्या टाकीमागे लपायची. सगळ्यांना माहीत होतं, म्हणून शोधणाऱ्याने टाकीमागे सगळ्यात शेवटी जायचं, अशी गल्लीत सभ्यता होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या घरी गेले तर दाराला कुलूप. वडिलांची इटारसीला बदली झाली होती, पहाटेच्या गाडीने सगळे गेले, असं शेजारणीने सांगितलं.

“सगळे गेले म्हणजे किती गेले, ते तिने मोजलं नव्हतं,” बाबाराव म्हणाले.

“पण तुम्ही टाकीमागे जाऊन बघितलं असेल ना?”

“नाही.”

“कधीच?”

“छत्तीस वर्षं कारखान्यात जायला लांबचा रस्ता धरला. ती तिथे नाही हे मला कळतं हो, मी काही वेडा नाही. पण कळणं हे कागदावरचं पास आहे. मापात घालून मी बघितलं नाही.” मग रिक्षाचा दांडा धरून, “आणि बघितलं असतं आणि ती असती, तर काय म्हणणार होतो मी तिला?”

विभावरीबाई रिक्षाच्या बाहेर बघत होत्या. “बेचाळीस वर्षं झोपेत मोजून राहिले हे,” त्या म्हणाल्या. “सदुसष्टला थांबतात. मी जागी होते थांबले की. आवाजानं नाही होत.”

मी फळ्याच्या त्या कोपऱ्याचा फोटो काढला आणि आसपासच्या मराठी कुटुंबांचा मोबाईलवर गट आहे त्यावर टाकला. खाली लिहिलं, ‘फळा हलवायचा आहे. ज्यांना उत्तर माहीत असेल त्यांनी कृपया कळवावे.’ चार दिवस नमस्काराची चित्रं आणि फुलं आली. पाचव्या दिवशी सिहोऱ्याहून संदेश आला.

‘मी शकु. सिहोऱ्यात राहते. त्या दिवशी मी घरी गेले होते. क्षमा असावी.’

मी तो बाबारावांना वाचून दाखवला. त्यांनी तीनदा वाचायला लावला.

“कागद आहे हा,” ते म्हणाले. “कधी जायचं?”

आश्विनातल्या एका दुपारी आम्ही तिघं बसने सिहोऱ्याला निघालो. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. तेवढ्यात बाबारावांनी चार वेळा विचारलं, “आपण कुठे जाऊन राहिलो?” विभावरीबाई चारही वेळा त्याच आवाजात म्हणाल्या, “शकुकडे.” आणि चारही वेळा त्यांचा चेहरा तितकाच फुलला, तितकाच घाबरला.

शकुताईंचं घर बाजाराच्या मागे. मास्तर असलेले यजमान वारलेले, मुलगा नोकरीनिमित्त बाहेर. बुटक्या, गुडघ्यांनी अधू, जिभेने नव्हे. दारातच त्यांनी बाबारावांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

“तू बाबा?”

“कागदोपत्री.”

“आत या. चहा टाकते. दीदी, तुम्ही बसा इथे, पंख्याखाली.” त्यांनी सगळ्यांच्या हातात कप दिले. मग त्या म्हणाल्या, “मी टाकीमागे नव्हतेच रे. तू पंचेचाळीस म्हणालास आणि आईनं हाक मारली. मागच्या मागे पळाले.”

“म्हणजे लबाडी केलीस.”

“आणि तू?”

“सदुसष्टला गेलो.”

“मग?”

“मग मी बावीस आकड्यांनी प्रामाणिक आहे,” बाबाराव म्हणाले.

शकुताई हसल्या नाहीत. कप खाली ठेवून त्यांनी आवाज बारीक केला. “काहून आला नाहीस मग इतकी वर्षं? मला वाटे, तू अजून मोजूनच राहिलास. तू शंभरला पोचशील, वळशील, शोधशील, मी नसेन. रात्र होईल, तरी तू शोधत राहशील. इटारसीला तेच. लग्न होऊन इथे आले तर इथेही. दिवा लावायला उभी राहिले की मागच्या भिंतीशी कोणीतरी मोजतं. लहान मुलाचा आवाज. पंचेचाळीसपर्यंत जातो आणि थांबतो. पुढचं मी ऐकलेलं नाही ना, म्हणून. यांना कधी सांगितलं नाही. मास्तर माणूस, म्हणाले असते पुढचे आकडे तू म्हण.”

“म्हणायचे होते,” विभावरीबाई म्हणाल्या.

“भीती वाटायची, दीदी. शंभर झाले आणि तो आत आला तर?”

दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने पंचेचाळीसपर्यंत ऐकलं होतं, दुसरीने सदुसष्टपर्यंत. मधल्या खोलीत मला उगाच कपाटाच्या फटीकडे बघावंसं वाटलं. तिथे इस्त्रीचे कपडे होते.

बाबारावांनी चहा संपवला, कप बशीत उपडा ठेवला आणि शकुताईंकडे वळून अतिशय सभ्यपणे विचारलं, “शकु कुठे आहे?”

विभावरीबाईंनी डोळे मिटले. मी काहीतरी बोलणार होतो. शकुताईंनी मला हाताने थांबवलं. क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडला, मग त्यांनी तो परत लावून घेतला.

“टाकीमागे असेल,” त्या म्हणाल्या. “नेहमीसारखी. तुझे आकडे राहिलेत ना अजून?”

बाबाराव उठले. परसदारी गेले. दिवेलागणीची वेळ झाली होती. मागच्या भिंतीपाशी उभे राहून त्यांनी कोपरात डोकं घातलं आणि मोठ्याने म्हणाले, “अडुसष्ट.”

ज्या माणसाला शंभरातून दुसऱ्यांदा सात काढता आले नव्हते तो एकही आकडा न चुकता पुढे जात होता. एकोणसत्तर. सत्तर. शकुताई गुडघे धरत, पदर खोचत अंगणातल्या काळ्या प्लास्टिकच्या टाकीकडे निघाल्या. मी हात द्यायला गेलो तर “हट” म्हणाल्या. शेजारच्या गच्चीवरून एक बाई वाळत घातलेल्या पापडांमधून बघत होती. आमच्याइतकीच गंभीर. ऐंशीच्या सुमाराला शकुताई टाकीमागे बसल्या, आणि बसल्या म्हणजे जमिनीला लागल्या. त्यांचा एक पाय बाहेर दिसत होता. तो त्यांनी हाताने ओढून आत घेतला.

“नव्याण्णव. शंभर.” बाबाराव थांबले. डोकं तसंच भिंतीला. “येऊ का?”

खेळात शोधणारा असं विचारतो, आणि लपलेल्याने ‘ये’ म्हटल्याशिवाय हलत नाही. एकोणीस वर्षं मी त्यांचे प्रश्न ऐकले होते. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला खरोखर माहीत नाही असा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

टाकीमागून काही आलं नाही. विभावरीबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

“येऊ का?”

“ये,” टाकीमागून आवाज आला. म्हातारीचा नव्हता. मी त्याबद्दल एवढंच म्हणेन.

त्यांनी आधी दारामागे बघितलं. मग खाटेखाली. मग तुळशीमागे, जिथे मांजरसुद्धा मावलं नसतं. मग न्हाणीत. टाकीकडे सगळ्यात शेवटी गेले. वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

“शकु सापडली,” ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, तपासनिसाच्या जुन्या आवाजात, “पास.”

आम्ही दोघांनी मिळून शकुताईंना उठवलं. त्या लुगड्याची माती झटकत होत्या. “आता राज्य माझ्यावर,” त्या म्हणाल्या. “पहिली मी सापडले. पुढच्या खेपेला तू लप.”

“मी चांगला लपतो,” बाबाराव म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी विचारलं की त्या बाई कोण होत्या. विभावरीबाईंनी सांगितलं. ते म्हणाले, “अच्छा,” आणि झोपले. वाटेत मोजले नाहीत. विभावरीबाई जबलपूर येईपर्यंत टक्क जाग्या होत्या.

शनिवारी मी त्यांना फळ्याशी आणलं आणि खडू हातात दिला. प्रश्न त्यांनी दोनदा वाचला. खाली लिहिलं, ‘प्रश्नच चुकीचा होता. दोघंही घरी परवचा म्हणत होती.’ मग ओल्या फडक्याने स्वतः कोपरा पुसला. बापूसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. फळा उतरवून आतल्या खोलीत ठेवला. एकोणीस वर्षांच्या गिरवण्याने लाकडात अक्षरं बसली आहेत. तिरप्या उजेडात सगळा प्रश्न वाचता येतो. उत्तर येत नाही, ते एकदाच लिहिलं होतं.

पांढऱ्या बोर्डावर त्यांनी दोन प्रश्न लिहिले. तिसऱ्या शनिवारी पेनाचं टोपण काढून उभे राहिले, आणि पेन वाळून गेलं.

पुढे थंडीत ते फार लवकर गेले. म्हणजे ओसरीतल्या खुर्चीतच असतात. जेवतात, पांघरूण घेतात, नळ्या तपासल्यासारखी बोटं फिरवतात. पण हाक मारली तर कोणी येत नाही. आधी नावं गेली, मग बोलणं. “जागा चांगली शोधली यांनी,” विभावरीबाई म्हणतात.

शकुताई दर शनिवारी सिहोऱ्याहून बसने येतात. त्यांच्याकडच्या भिंतीशी आता कोणी मोजत नाही, असं त्या सांगतात. घर फार शांत झालं आहे, सवय होत नाही. दिवेलागण झाली की त्या ओसरीच्या भिंतीकडे तोंड करतात, कोपरात डोकं घालतात आणि एकपासून सुरू करतात. राज्य त्यांच्यावर आहे. शंभर झाले की विचारतात, “येऊ का?” खुर्चीतून काही येत नाही. ‘ये’ आल्याशिवाय वळायचं नाही, म्हणून त्या पुन्हा एकपासून मोजतात. शेवटची बस गाठायची असते तोवर तीन वेळा होतं, कधी चार.

परवाच्या शनिवारी मी होतो तिथे. अकरा दिवसांत बाबारावांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. विभावरीबाई देवापाशी काडी ओढत होत्या. शकुताईंचे शंभर झाले.

“येऊ का, बाबा?”

“अजून नाही,” खुर्चीतून आवाज आला. स्पष्ट. आणि खुर्चीच्या बराच मागून आल्यासारखा.

विभावरीबाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. शकुताई वळल्या नाहीत. त्यांनी डोकं पुन्हा नीट कोपरात बसवलं.

“बरं,” त्या भिंतीला म्हणाल्या. “एक. दोन. तीन.”